रक्तानं मावशी

सांगली, १२ जानेवारी

विशू,

तुझा फोन बंद आहे, म्हणून कागद घेतला. ऋषिराजच्या नावानं टाकतेय. तुम्ही दोघं एका खोलीत राहता, तो तुझ्या हातात देईल. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आधी एकच सांगते. साताऱ्यातलं डायलिसिस चुकवायचं नाही. मिरजेच्या हॉस्पिटलात जे झालं त्याचा राग माझ्यावर काढ, स्वतःच्या अंगावर काढू नकोस. किडन्या गेल्यात त्या रागानं परत यायच्या नाहीत.

तू जिना उतरून गेलास, पुढचं तुला माहीत नाही. रिपोर्ट देणाऱ्या त्या बाई वाईट बोलल्या नव्हत्या रे. "रिपोर्टप्रमाणे या बाई पेशंटच्या जन्मदात्या आई नाहीत, मूल दत्तक असेल तर सांगा, कागद वेगळे लागतात," एवढंच म्हणाल्या. तू "मग मी कुणाचा?" असं विचारलंस, तेही आईकडे न बघता, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेलास. आई तशीच उभी होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी. तिला वाटलं होतं, आजच किडनी काढून घेतील, मग अंगावर बदलायला हवं.

मग ती टेबलाजवळ गेली. त्या बाईंसमोर, आप्पांसमोर, बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या लोकांसमोर तिनं पदर बाजूला केला आणि पोट उघडं केलं. "ह्ये वळ बगा," म्हणाली. "ह्ये कशाचं हायती? नऊ म्हैनं म्या दगूड वागवला व्हय?"

त्या बाई खुर्चीतून उठल्या. आप्पांनी पुढे होऊन आईचा पदर तिच्या खांद्यावर टाकला. आटपाडीपर्यंत एसटीत आईनं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

विशू, मी दहावीच्या मुलांना हेच शिकवते. मूल म्हणजे अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून. रक्तगटाचं उदाहरण म्हणून मी दरवर्षी आपलंच घर फळ्यावर मांडते. आईचा ओ, आप्पांचा एबी, म्हणून मुलं ए नाहीतर बी. मी ए, तू बी. आप्पांची किंवा माझी किडनी तुला चालत नाही ती त्यामुळेच. चालली तर आईची.

पण मिरजेत तपासलं ते रक्तगटाच्या पुढचं होतं. आपल्या सहाव्या गुणसूत्राच्या जोडीवर शरीराच्या ओळखीच्या खुणा असतात. जोडीतलं एक आईचं, एक वडिलांचं. तुझ्या जोडीतलं एक आप्पांच्या खुणांशी तंतोतंत जुळलं. दुसरं आईच्या दोन्हींपैकी एकाशीही जुळेना. असं होत नसतं. आईकडून मुलाला काहीच मिळालं नाही, असं कुठल्या पुस्तकात नाही.

आता डीएनए पुण्याला पाठवलाय. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी सगळ्यांना सांगतेय. स्वतःलाही तेच सांगतेय. खरं सांगू? घरी आल्यावर मी आरशात कितीतरी वेळ माझं नाक बघत बसले होते.

ताई


आटपाडी, ३ फेब्रुवारी

विशू,

मावशीला फोन करायच्या आधी मला एक फोन केला असतास तर?

पुण्याचा रिपोर्ट तुला हॉस्पिटलनं कळवला, मला नंतर कळलं. मी वाचलाय तो. नमुने बदललेले नव्हते. आप्पा तुझे वडील, यात शंका नाही. आई तुझी आई नाही. पण परकीही नाही. जेवढा डीएनए तिचा-तुझा सारखा निघाला, तेवढा भाच्याचा आणि मावशीचा निघतो. खाली त्यांनी लिहिलंय की मुलाची आई या बाईंची सख्खी बहीण असावी.

आईला बहीण एकच. त्यावरून तू जोडायचं ते जोडलंस.

लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला म्हणून जी आपल्या वळचणीला येऊन राहिली, जिला स्वतःचं मूलबाळ नाही, जिनं तुला कडेवर घेऊन मेंढरांमागं अख्खा कृष्णाकाठ पायी घातला, त्या हरणामावशीला तू फोनवर विचारलंस, "तूच का माझी आई?" पुढं आप्पांचं नाव घेऊन जे बोललास ते मी लिहिणार नाही. तिला फोन कानाला लावायची सवय नाही, ती स्पीकर लावूनच बोलते. अंगणात चार बायका शेंगा फोडत बसल्या होत्या.

ती गप्प राहिली आणि तू फोन ठेवलास. गप्प बसली म्हणजे कबूल, असं तू ऋषिराजला म्हणालास म्हणे.

संध्याकाळपर्यंत भावकीत झालं. चुलते दारात येऊन आप्पांना म्हणाले, "धुळा, खरं काय ते सांगून टाक. म्हातारपणी कशाला लपवतोस?" आप्पांनी घोंगडं उचललं आणि मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसले. तेव्हापासून तिथंच आहेत. भाकरी मी नेऊन देते. अर्धी परत येते.

आणि आई. मला वाटलं होतं ती बहिणीची बाजू घेऊन भांडेल. ती मावशीच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "हरणे, इस्लामपुराकडं मेंढरांचा वाडा बसला व्हता, विश्वा झाला तवा मी बेसुद पडले व्हते. सुद आली तवा पोरगं तुज्या मांडीवर व्हतं. मदी काय झालं ग?"

मावशी म्हणाली, "अक्का, तूबी?"

एवढंच. आता दोघींच्या चुली वेगळ्या पेटतात. मी मधल्या भिंतीजवळ उभी असते आणि दोन्हीकडची भांडी वाजलेली ऐकते.

ऋषिराजनं कळवलं की काल तू मशीनवर गेला होतास. बरं वाटलं.

ताई


सांगली, १६ फेब्रुवारी

विशू,

मी इस्लामपूरला जाऊन आले. तुझा जन्म दवाखान्यात झाला नाही, त्यामुळे बाळ बदललं म्हणायची सोय नाही. खतासाठी ज्यांच्या रानात आपली मेंढरं बसली होती, त्या रानात तू झालास. तिथं तेव्हा आई होती, मावशी होती, आणि रानमालकाची आई बनुबाई. मावशीवर तुझा विश्वास नाही. आईला शुद्ध नव्हती. उरल्या बनुबाई. त्या आहेत अजून. डोळ्यांनी दिसत नाही, पण बाकी खणखणीत.

मी नाव सांगितलं, कशासाठी आले ते सांगितलं नाही.

"आटपाडीची धनगरीण व्हय? आगं, विसरंन कशी? उसाच्या बांधाला बाळंत झाली ती. नाळ ह्या हातानं कापली म्या. पोरगं आलं ते पायाकडनं, आन ती माय गपकन डोळं मिटून पडली. म्या म्हटलं, गेली आता."

"आणि तिची बहीण होती ना? हरणा?"

"ती बारकी? ती काटकीवानी व्हती. चुलवानावर पानी तापवत व्हती आन रडत व्हती. तिला म्याच दटावलं, रडाया काय झालंय, पोरगं धर म्हटलं."

मी थेट विचारलं, तीही पोटुशी होती का. बनुबाई माझ्यावर भडकल्या. "कपाळ पांढरं झालेल्या पोरीबद्दल आसं इच्यारतीस? तिच्या पोटाला पाट लागली व्हती उपाशानं."

निघताना त्यांनी विचारलं, "ते पोरगं कसं हाय आता?" मी म्हटलं, "छान आहे. साताऱ्यात कंपनीत आहे." घराबाहेर येऊन त्यांच्या बांधावर बसले आणि मग मला रडू आलं.

आता दुसरी गोष्ट. मिरजेहून आल्यावर मी माझाही नमुना पुण्याला पाठवला होता. कुणाला बोलले नव्हते. मला एवढंच सिद्ध करायचं होतं की मी तरी आईची आहे, म्हणजे प्रयोगशाळा चुकली असं म्हणता येईल. मी आटपाडीच्या सरकारी दवाखान्यात झाले, चारचौघांत, नोंद आहे, आईची आई, बाळाबाई आजी, जवळ बसलेली होती.

निकाल शाळेत मोबाईलवर आला. तू आणि मी सख्खे भाऊ-बहीण. आप्पा माझे वडील. आणि आई माझीही मावशी.

घंटा झाली होती. दहावीवर तास. धडा तोच, आनुवंशिकता. मी फळ्यावर 'आई' लिहिलं, 'वडील' लिहिलं, खाली मुलासाठी रेघ ओढायला हात उचलला आणि हात खाली येईना. मुलांना वाटलं मला चक्कर आली. वाचत बसा म्हणून सांगितलं आणि खुर्चीत बसून राहिले.

विशू, इतके दिवस मी तुला समजावत होते ते मोठ्या बहिणीच्या आवाजात. आज तो आवाज नाही माझ्याकडे. तुझ्या पायाखालचं सरकलं तेव्हा मी काठावर उभी होते. आता मीही त्यातच आहे. तुझ्यासारखाच मला मावशीचा संशय आला. बनुबाईंच्या तोंडून सगळं ऐकून आल्यावरही आला. माझ्या वेळी तर ती शेजारीच राहत होती, असं मनात येऊन गेलं.

ताई


सांगली, २ मार्च

विशू,

हे पत्र दोनदा वाच. मला स्वतःला दोनदा ऐकावं लागलं.

मावशीनं स्वतः होऊन नमुना दिला. मी मागायला गेले नव्हते, माझी हिंमतच नव्हती. ती सांगलीला माझ्या दारात आली आणि म्हणाली, "माजं रगात घ्या. काय निगंल ते निगू दे." रक्त नको, तोंडातून कापसाच्या काडीनं घेतात, असं सांगितल्यावर तिला ते खरं वाटेना. एवढ्याशा काडीवरून आईबाप कळतो? मग मी आप्पांनी कातलेला लोकरीचा धागा घेऊन तिला दाखवलं. दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले असतात, तसा आपल्या शरीराच्या कणाकणात एक पीळ असतो. त्यावर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. आईवडिलांची अक्षरं मुलाच्या पिळात उतरतात. तिनं तो धागा उलगडून बघितला, परत पिळला.

मग मी विचारलंच. "मावशी, विशूनं फोनवर विचारलं तेव्हा तू नाही का म्हणाली नाहीस?"

तिनं धागा बोटाला गुंडाळला. "त्यानं शिव्या दिल्या," म्हणाली. "पर त्याच्या आदी त्यो म्हनाला, तूच माजी आई का. मला आसं कवा कुनी म्हटलंच न्हाई ग. त्ये कानात ऱ्हायलं. न्हाई म्हनाया तोंड उगडलं तवर त्यानं फोन ठिवला." पुढं म्हणाली, "मग मलाच वाटाया लागलं. येवढं शिकलेलं लोक लिवत्यात, तर झालं आसंल का काय आसं? मीच इसरले आसंन का? म्या लय आटवून बगितलं, समे. मला पोटातलं काईबी आटवंना."

विशू, तिला वेड लागायची वेळ आणली आपण.

तिचा निकाल चार दिवसांपूर्वी आला. मावशी आपली आई नाही. तीही मावशीच आहे. आईइतकीच, तेवढीच. म्हणजे आपल्याला दोन मावश्या आहेत आणि आई नाही. बाळाबाई आजीला दोनच मुली. तिसरी असती तर ती आपली आई, असं रिपोर्ट म्हणतो. तिसरी नाही. आटपाडीत जुन्या लोकांना विचारून झालं, आजोळी विचारून झालं. तिसरी मुलगी झाली नाही, मेली नाही, कुणाला दिली नाही.

मी पुण्याला त्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर प्रियदर्शनींना फोन लावला. ओरडलेच जवळजवळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या आईच्या शरीरातून फक्त रक्तच तपासलंय ना?"

मी म्हटलं, हो. माणसाचा डीएनए सगळीकडे एकच असतो, रक्त काय आणि केस काय. मी शिकवते ते.

त्या म्हणाल्या, "बहुतेकांचा एकच असतो."

त्यांचं म्हणणं असं. आजीच्या पोटात एकाच वेळी दोन गर्भ राहिले असतील. दोन वेगळी बीजं, दोघी बहिणी, जुळ्या झाल्या असत्या. पण अगदी सुरुवातीलाच, सुईच्या टोकाएवढ्याही नसताना, ते दोन गोळे एकमेकांत मिसळले आणि त्यातून एकच बाळ वाढलं. असं फार क्वचित होतं, पण होतं. त्या बाळाच्या शरीराचा काही भाग एकीच्या पेशींचा, काही दुसरीच्या. बाहेरून काहीही कळत नाही. आईचं रक्त एका बहिणीकडून आलं असेल आणि अंडाशय दुसरीकडून, तर तिची मुलं रक्ताच्या रिपोर्टवर तिची भाचरंच दिसणार.

मी फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. तिसरी बहीण आपण गावभर शोधली, विशू. ती आईच्या आत असेल, असं त्या बाई म्हणतायत.

अजून सिद्ध झालेलं नाही. आईला घेऊन पुण्याला जातेय.

ताई


आटपाडी, २४ मार्च

विशू,

सिद्ध झालं.

पहिल्यांदा आईचे केस घेतले, गालाच्या आतून घेतलं, कातडीचा कण घेतला. सगळं रक्तासारखंच निघालं. त्या आठवड्यात मी आशा सोडली होती. मग डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना घ्यायचं ठरवलं. आई लाजेनं अर्धी झाली, पण झोपली टेबलावर. "पोरासाटी पोट उगडं केलं, आता ह्येबी," म्हणाली. त्या नमुन्यात दुसरा डीएनए सापडला. आईच्या रक्ताशी तो जुळत नाही, तिच्या बहिणीचा असावा तसा आहे. आणि तुझ्या-माझ्याशी लावून बघितला तर प्रत्येक खूण जुळते. निम्मं तिकडून, निम्मं आप्पांकडून. फळ्यावर लिहिते तसंच.

डॉक्टर प्रियदर्शनींनी आईला समोर बसवून सगळं सांगितलं, सोपं करून. आईनं एकच विचारलं, "मंग माजी भन मेली का?"

"मेली नाही, आजी. वेगळी अशी ती कधी जन्मलीच नाही. तुम्ही दोघी मिळून एक झालात."

"मंग पोरं तिची."

"पोरं तुमचीच. ती म्हणजे तुम्हीच."

आईनं मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. मला वाटलं होतं ती सुटकेनं रडेल. ती घाबरली, विशू. परत येताना एसटीत खिडकीशी बसून तिनं स्वतःचा एक हात दुसऱ्या हातात धरला होता. मधेच म्हणाली, "समे, मला भूक लागती ती कुनाला लागती ग?" पुढं म्हणाली, "ताप यायचा तवा दोगींना यायचा आसंल." आणि गाव जवळ आल्यावर माझा दंड धरून, "गावात काय सांगू नगंस. अंगात बाई हाय म्हनून माज्यावर लिंबू उतरत बसतील."

पण सांगावं लागलं. आप्पांसाठी आणि मावशीसाठी सांगावं लागलं. चुलत्यांना दारात बोलावून मी रिपोर्ट वाचून दाखवला, समजेल असं सांगितलं. एकजण म्हणाला, आसं कुटं आसतंय व्हय. मी म्हटलं, मलाही दोन महिन्यांपूर्वी असंच वाटलं असतं. आप्पा मागं उभे होते. सगळं संपल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हंजी माजं नाव सुटलं न्हवं?" साठीच्या माणसानं पोटच्या पोरीला हे विचारावं, ह्याची लाज मला आयुष्यभर पुरेल. संध्याकाळी ते घरात जेवायला बसले.

आता तुझं. मिरजेत तपासलेल्या त्या पहिल्या खुणा जुळत नाहीत म्हणून किडनी चालणारच नाही, असं नव्हतं. नवरा-बायकोही एकमेकांना किडनी देतात, त्यांच्यात कुठं जुळतं? औषधं चांगली आहेत, रक्तगट चालतो, तुझं रक्त तिच्या पेशींवर उठत नाही हेही तपासलंय. अडलं होतं ते नात्याच्या पुराव्यावर. पुढच्या महिन्यात मंजुरीची समिती बसणार आहे आणि डॉक्टर प्रियदर्शनींचं पत्र त्यांच्याकडे गेलंय.

आई म्हणते, "त्याला म्हनावं, माज्याशी बोलला न्हाई तरी चालंल, किडनी घ्याया तेवडा ये." आणि असंही म्हणाली, की आधी हरणीच्या दारात जा.

मी यातलं काही गोड करून लिहिलेलं नाही. ये.

ताई


मिरज, २० एप्रिल

ताई,

तू एवढी पत्रं लिहिलीस, मी एकाचंबी उत्तर दिलं न्हाई. आता ऑपरेशननंतर काचेच्या खोलीत एकटा पडलोय, कुणाला आत सोडत न्हाईत, म्हणून नर्सकडनं कागद मागून घेतला. अक्षर वाकडं येतंय, हाताला सुई हाय. डॉक्टर सारखी लघवी मोजायला लावत्यात, नवी किडनी चालली का ते त्यावरनंच कळतं.

तू इच्यारलं न्हाईस, पण सांगतो. मी आटपाडीच्या स्टँडवर उतरलो आन आधी मावशीकडंच गेलो. ती अंगण झाडत व्हती. मी पायावर डोकं ठेवाया वाकलो तर तिनं पाय मागं घेतलं. "तू इच्यारलंस," म्हणाली, "पर उत्तराला थांबला न्हाईस." मी म्हटलं, मावशी, आता थांबतो. ती आत गेली. मी दारात उभा. लय वेळानं चहा घेऊन आली. एवढंच झालं. माफ केलं असं काय ती म्हणाली न्हाई, मीबी इच्यारलं न्हाई. आप्पा अंगणात असलं की ती अजून आपल्याकडं येत न्हाई, पदर घेऊन मागच्या दारानं जाते. पूर्वी त्या दोघांची किती चेष्टा चालायची, आठवतंय का तुला? ते मी मोडलं. रिपोर्टमदी चूक नव्हती, ताई. फोन मी केला व्हता.

आईशी बोलायला जमलंच न्हाई. घरात गेलो, ती भाकरी थापत व्हती. "आलास?" म्हणाली. मी "व्हय" म्हणालो. जेवलो. माझ्या पानात तूप वाढताना तिचा हात बघत व्हतो आन डोक्यात तुझं पत्र. हा हात कुणाचा, असं एकदा आलं मनात. मग माझीच मला शिसारी आली.

समितीत आईला एकटीला आत बोलावलं व्हतं, तू बाहेर बसली व्हतीस. तिनं मला नंतर सांगितलं. एका डॉक्टरनं इच्यारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" आई म्हणाली, "आवं सायेब, आता किती डाव सांगू?" सगळी हसली म्हणं. हिला कळलंच न्हाई का हसली.

ऑपरेशनच्या आदी मी सर्जनला इच्यारलं व्हतं, ही किडनी तिच्यातल्या कुठलीची निघंल. ते म्हणाले, बघायचं तर बघता येईल, पण कामाला काय फरक पडणार न्हाई. मग मी परत इच्यारलं न्हाई. कधीकधी पडल्या पडल्या वाटतं, जी जन्मली न्हाई तिच्या पोटी मी जन्मलो, आन जी जन्मली तिनं मला वाढवलं. पार गरगरतं. मग मी वर पंखा बघत बसतो. तुला वर्गात ह्ये शिकवताना कसं व्हत असंल आता?

आज आईला चालवत माझ्या काचेपर्यंत आणलं व्हतं. एका बाजूला नर्स, दुसऱ्या हातानं कमरेवरचा टाका धरलेला. केस सुटलेलं, तोंड सुकलेलं. मी उशीला टेकून बसलो. किती दिवस काय बोलायचं ते मनात जुळवत व्हतो. मिरजेत तिच्याकडं न बघता गेलो, ते सांगायचं व्हतं. फोनवर आप्पांबद्दल बोललो, ते सांगायचं व्हतं. काचेला बारकी खिडकी हाय, नर्सनं ती उघडली. मी "आये" म्हणालो.

पुढचं बोलायच्या आदीच ती खिडकीला तोंड लावून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"मुतलास का रं?"

मी म्हणालो, "लय."

विश्वजित